तुडवलेला गालिचा

गुड फ्रायडेच्या पहाटेपासून खपून फिदेलियाने आणि गल्लीतल्या बायकांनी चर्चसमोर रंगीत भुशाचा गालिचा घातला होता. येशूची पालखी त्यावरून गेली आणि तो विस्कटला, की त्याचं सोनं व्हायचं.

दुपारी त्या सगळ्या गालिच्याच्या कडेला बसल्या असताना अमेरिकेतून फिदेलियाच्या मुलाचा, एल्मेरचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, पालखीला खांदेकरी मिळाले का गं? गावातले सगळे गडी तर इकडेच आहेत."

"न मिळायला काय झालं? आत्ताच गेली पालखी."

"मग तुडवलेला गालिचा दाखव की."

"दाखवते. चष्मा सापडू दे आधी."

 

फोन पालथा ठेवून तिने चपला काढल्या आणि कुठेही न विस्कटलेल्या त्या गालिच्यावर पहिलं पाऊल टाकलं. मागोमाग बाकीच्या बायकाही रांगेने निघाल्या.