तुमचं राहिलं

"दादा, तुमचं राहिलं."

नंदाबाईने गाडीच्या काचेवर टकटक केली. आतल्या तरुणाला वाटलं, मोबाइलच राहिला. त्याने घाईघाईने काच खाली केली, तशी वेफर्सची रिकामी पाकिटं आणि दोन बाटल्या त्याच्या मांडीवर येऊन पडल्या. तो काहीतरी बोलणार होता, पण नंदाबाईच्या हातात विळा होता. विळा गवतासाठी होता, पण हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार? तो "थँक यू" म्हणाला आणि गाडी सुरू केली.

वलवणच्या धरणाकाठी हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. नंदाबाई कुणाला शिव्या देत नसे आणि उपदेश तर मुळीच करत नसे. दुधाला किटली, बाजाराला कापडी पिशवी, आणि येताजाता वाटेवर पडलेलं उचलून ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, एवढाच तिचा नेम. गावातली पोरं मागून तिला 'राहिलंमावशी' म्हणायची. ते तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला आवडलंही होतं.

कपिला गेली तेव्हापासूनचं हे वेड. गेल्या वर्षी गाय फुगून मेली. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आत पिशव्याच पिशव्या, मारलेल्या गाठींसकट. नंदाबाई त्या दिवशी जेवली नाही. आता गोठ्यात कपिलेची कालवड होती, आणि तीही कपिलेसारखीच घरामागच्या ओढ्याकाठी चरत होती.

धरणावरची माणसं निदान समोर तरी सापडत. या ओढ्यात मात्र रोज सकाळी एक काळी पिशवी येऊन पडलेली असायची. गाठ इतकी आवळलेली की नंदाबाई शेवटी विळ्याने पिशवी बाजूने फाडायची. आत उष्टं, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कुरियरची खोकी. खोक्यांवर पत्ता ठसठशीत छापलेला: निवांत बंगला.

नेमका त्याच बंगल्यावर तिचा मुलगा कैलास देखभालीला होता. पुण्याहून निवृत्त होऊन आलेल्या एक मॅडम तिथे एकट्या राहत.

"आई, तू तितं जाऊ नको," कैलास हात जोडून म्हणाला. "माजी नोकरी जाईल. पिशवी हिकडं दे, मी पोचवतो."

तो पिशवी घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी ओढ्यात पुन्हा पिशवी.

"काय म्हणल्या तुज्या मॅडम?"

"काय म्हणणार? वढा काय आमच्या घरातला हाय का, म्हणल्या."

नंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून कोमल तांदळाच्या पोत्याशी झटत होती. ती म्हणाली, "आत्या, विळा द्या बरं हिकडं. ह्यांनी त्वांड बांधलंय, सुटता सुटंना. आन् तुमी तितं भांडाया जाऊ नका. नोकरी गेली तर कसं करायचं?"

विळा तिच्यापुढे ठेवत नंदाबाई म्हणाली, "दोन खाचरं हायेत अजून. भात लावू, भात खाऊ. कालवड मेली तर तुज्या नवऱ्याच्या पगारात कपिला परत यील का?"

कोमलने विळ्याने पोत्याची गाठ कापली.

दुसऱ्या दिवशी कैलास मॅडमचं सामान आणायला लोणावळ्याच्या बाजारात गेला, आणि नंदाबाई पदर खोचून निघाली. मागच्या दाराने नाही. सरळ मोठ्या फाटकातून आत गेली आणि पुसलेल्या पायरीवर तिने पिशवी ठेवली.

"बाई, तुमचं राहिलं."

मॅडम वाफ्यातलं गवत काढत होत्या. हात झटकत आल्या, चष्मा सावरून त्यांनी फाटक्या पिशवीतून डोकावणाऱ्या खोक्यावरचा पत्ता वाचला.

"खोकं आमचंच आहे. पण मावशी, ही पिशवी आमची नाही. प्लास्टिकची पिशवी मी या घरात येऊच देत नाही. या ना, आत या, बघा तुम्हीच."

नंदाबाई भांडायच्या तयारीनेच आत गेली. ओट्याशेजारी दोन बादल्या होत्या, एक ओल्याची, एक सुक्याची. ओट्यावर दुधाची किटली पालथी घातलेली होती आणि दोरीवर धुतलेल्या कापडी पिशव्या वाळत होत्या.

"देखभालीचा मुलगा रोज भरलेल्या बादल्या घेऊन जातो," मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "आणि घंटागाडीत रिकाम्या करून, स्वच्छ धुऊन परत आणतो. एक दिवस खाडा नाही."

नंदाबाई त्या बादल्यांकडे बघत राहिली.

"चुकलं बाई माजं," ती म्हणाली आणि पायरीवरची पिशवी तिने परत उचलली.

"अहो, ती राहू द्या इथेच. चहा तरी घेऊन जा."

"नको. पुन्यांदा कवातरी."

ती घरी पोचली तेव्हा कैलास जेवायला बसला होता. कोमलने सांगितलंच असणार, कारण त्याचा घास हातातच होता.

"गेलतीस तू? मॅडम काय म्हणल्या? माजं नाव निघालं का?"

"न्हाई. मी काढलं न्हाई."

"मग नोकरी?"

"हाय."

कैलासने सुस्कारा सोडला आणि ताट जवळ ओढलं. "तरी सांगत हुतो, मोठ्या लोकांच्या वाटंला जाऊ नको. त्यांची खोड मोडायची न्हाई."

"व्हय," नंदाबाई म्हणाली.

तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली, आमटी वाढली. गोठ्यात कालवड हंबरली. मग तिने दारामागे ठेवलेली काळी पिशवी आणली, अजून न सुटलेली गाठ वर करून त्याच्या ताटाशेजारी टेकवली, आणि म्हणाली,

"कैलास, तुजं राहिलं."