वाचून दाखव

“बेल एकदाच वाजवायची. मी म्हातारा आहे, बहिरा नाही,” आतून बेहेरे सरांचा आवाज आला. “ये, दार उघडंच आहे. आणि चपलेचा अंगठा शिवून घे. पाय ओढत चालतेयस.”

अपेक्षाने खाली पाहिलं. अंगठा खरंच तुटायला आला होता. सरांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं कर्वेनगरात सगळेच म्हणत.

ती धायरीहून सायकलवर यायची. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावीला सायन्स, आणि सगळं एकदम इंग्रजीत. अकरावी काठावर सुटली, बारावीही तशीच. सीईटीत तर इतके कमी गुण, की मेडिकलचा अर्ज भरण्यात अर्थच नव्हता. तिचे वडील, उत्तरेश्वर, बीडकडून येऊन हडपसरच्या कारखान्यात फिटर झालेले. ते रागावले नाहीत.

“एक वर्ष घे,” ते म्हणाले. “पुन्हा बारावी दे, सीईटी दे. न्हाई जमलं तर सोनूसंगं कॉल सेंटरला लाग. गाडी दारात येती न्यायला.”

शेजारची सोनू आता फोनवर सँड्रा झाली होती.

सर नेहमीप्रमाणे वेताच्या खुर्चीत, खिडकीकडे पाठ करून बसले होते. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी जीवशास्त्राचं पुस्तक त्यांना कधी उघडावं लागत नसे.

“हृदय काढलंस?”

“हो सर.” तिने वही पुढे केली.

“मला कशाला देतेस? वाचून दाखव. तुझं अक्षर लावायला मी काय औषधाच्या दुकानात बसतो? आणि इंग्रजी नंतर. आधी मराठीत सांग, कुठे काय काढलंयस ते.”

अपेक्षा आकृतीवर बोट फिरवत सांगू लागली. “…आणि इथून महाधमनी निघते.”

“इथून म्हणजे कुठून?”

“उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून.”

“गेला तुझा पेशंट. अशुद्ध रक्त फिरवलंस अंगभर. खोड, पुन्हा काढ.”

स्वयंपाकाच्या कौशल्याबाई चहा घेऊन आल्या. “अप्पा, चहा. उजव्या हाताला ठेवलाय,” त्या रोजच्याच सुरात म्हणाल्या आणि आत गेल्या. अपेक्षा खोडत होती.

रविवारी शिकवणी सकाळी असे. तेव्हाच अमेरिकेहून सरांच्या मुलीचा, तनयाचा, फोन यायचा.

“ठणठणीत आहे मी,” सर म्हणायचे. “तिकडे येऊन काय करू, बर्फ उपसू? अगं, वह्या तपासतोय आत्ता. हो, स्वतः. मग दुसरं कोण तपासणार?” फोन ठेवून ते पुटपुटायचे, “तिकीट काढायला टपलीय नुसती. म्हणे, एकटे राहू नका.”

वह्या तपासतोय हे ऐकून अपेक्षाला हसू यायचं. वर्षभरात तिच्या वहीत लाल शाईचा एक ठिपकासुद्धा पडला नव्हता. पण जे ती मोठ्याने वाचायची, ते तिच्या डोक्यात बसायचं. पूर्वी नुसत्या डोळ्यांखालून गेलेलं काही बसत नसे.

थंडीत भारनियमन वाढलं. एकदा संध्याकाळी प्रश्नोत्तरं चालू असताना खोलीत मिट्ट काळोख झाला.

सर विचारतच होते. “मग? झडप कशाने मिटते?”

“सर, लाईट गेले.”

“गेले तर गेले. हृदय काय ट्यूबलाईट लावून चालतं? सांग, झडप कशाने मिटते?”

तिने अंधारात सगळं सांगितलं. एकही चूक नाही.

फेब्रुवारीत, शेवटच्या उजळणीच्या दिवशी, सर म्हणाले, “अपेक्षा, तू पास होशील. पण एक सांगतो. वर्षभर येतेस, तुझी मान कायम वहीत. डॉक्टर व्हायचं ना? पुस्तक नंतर वाच. आधी समोर बसलेला माणूस वाच.”

“हो सर,” अपेक्षा म्हणाली, आणि मान खाली घालून तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

जुलैत यादी लागली. तिने बेल एकदाच वाजवली.

“आज पाय ओढत नाहीयेस,” सर आतून म्हणाले. “नव्या चपला?”

“बाबांनी घेतल्या. सर, ॲडमिशन मिळाली. सरकारी कॉलेज.”

सरांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. मग हात पुढे केला.

“आण ते पत्र. तनयाचा फोन येईल, तिला सांगायला हवं. हे मात्र मी स्वतः वाचणार.”

तिने पत्र त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी घडी उलगडली, कागद चष्म्यासमोर धरला आणि ओळीमागून ओळ वाचावी तशी मान सावकाश वरून खाली नेली.

“वा! नाव कसं ठसठशीत छापलंय.”

अपेक्षाच्या मांडीवर आज वही नव्हती. कुठे बघावं ते न कळून ती सरांकडे बघत राहिली. दोघांच्या मधे कागद होता, आणि त्यावरचं आपलं नाव तिला बसल्या जागेवरून सुलट, स्वच्छ वाचता येत होतं. सरांच्या चष्म्यासमोर होती ती कोरी बाजू.