हरणं कुणीकडून आली

“हाकलली म्या,” बंकट म्हणाला आणि खाली बघत राहिला.

रामहरी तात्यांच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. मधोमध बाजेवर तात्यांची सून सुरेखा बसलेली, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. तीन आठवडे बीडच्या दवाखान्यात काढून ती कालच घरी आली होती. समोर खुर्चीवर वनखात्याचे सोमेश्वर साहेब होते, मांडीवर पंचनाम्याचे कागद. डेअरीला दूध घालायला निघालेल्या सुरेखाच्या स्कूटीवर हरणं कुणीकडून आली, एवढंच त्यांना लिहून न्यायचं होतं.

“ऐकलं ना साहेब? लिहा नाव,” तात्या म्हणाले. “बंकट आप्पाराव.”

आता हरणं हाकलणं हा काही गुन्हा नव्हे, सगळं गाव हाकलतं. राखीव रानातला कळप दिवस उगवायच्या आत खाली उतरतो आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे खाऊन जातो. माणसानं काय हाताची घडी घालून बघत बसायचं? पण साहेबांनी दिवाळीतच गावाला बजावलं होतं. कळपाला वळसा घाला, माळाकडं काढा, रस्त्याकडं अजिबात नको. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माळाकडं काढायचं तर ढेकळातून अर्धा तास पायपीट. रस्त्याकडं काढायचं तर आपल्याच बांधावर उभं राहून पत्र्याचा डबा बडवला की झालं. एकदा रस्ता ओलांडून गेली की ती दुसऱ्याची डोकेदुखी. बंकटच्या रानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, तात्यांचंच रान होतं.

आळस केला, दुसरं काय. पण त्या आळसानं बंकटला घास गोड लागेनासा झाला होता. त्या सकाळी धडाड आवाज आला तेव्हा तोच पहिला धावला. सुरेखा वहिनी सांडलेल्या दुधात पडली होती. त्यानं तिला उचललं, जीप थांबवली, दवाखान्यात नेलं. देवासारखा धावलास, असं लोक म्हणाले, आणि ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही, बायकोला, वर्षाराणीलाही नाही. आज साहेबांनी सरळ विचारलं आणि त्याच्याच्यानं खोटं बोलवेना.

“डाक्टर म्हणतोय पाय आखूड पडंल,” तात्या म्हणाले. “कावून रे बंकट? माळ दिसला न्हाई तुला?”

“चुकलो तात्या.”

“चुकलो म्हणल्यावर हाड जुळतंय का बे?”

बायका हळहळल्या. ज्यांचे डबे अजून बांधावरच्या बाभळीला लटकत होते, ते बाप्येसुद्धा बंकटकडं बघून च् च् करायला लागले.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “सांगूनसुद्धा रस्त्यावर हाकलली म्हणजे नाव घालावंच लागेल. पुढचं पोलीस बघतील.”

बंकटनं मान हलवली. मग तो उठला, डोक्यावरची टोपी काढली आणि बाजेपाशी येऊन सुरेखाच्या पायाशी वाकला. “वहिनी, तुमच्याकडं बघायला तोंड न्हाई मला. माफी तरी कशी मागू?”

सुरेखानं धड पाय चटकन मागं घेतला. तीन आठवडे तिनं ओठ घट्ट मिटले होते. घरची अब्रू घरात, असं तिनं मनाला समजावलं होतं. पण आपल्याला उचलून नेणारा माणूस आपल्याच पाया पडतोय, हे तिला सोसवेना.

“राहू द्या भाऊजी. साहेब, लिहू नका. भाऊजींनी हाकललेली हरणं माझ्या म्होरून गेली. मी गाडी थांबिवली व्हती. शेवटचं पाडस पलीकडं जाऊस्तोवर थांबले. रस्ता मोकळा झाला, मंगच निघाले.”

“मग धडक कशी बसली?”

“माघारी आली ती. पलीकडून कुणीतरी डबा बडवला.”

पलीकडं रान कुणाचं, हे गावाला सांगायची गरज नव्हती. एकेक जण तात्यांकडं बघायचं टाळू लागला. बंकट टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण तात्यांचं तोंड बघून त्याचीच मान पुन्हा खाली गेली.

“हरभरा खात व्हती,” तात्या म्हणाले. “म्या बी हाकलली. त्यात काय?”

“हाकलली त्याचं काय न्हाई मामा.” सुरेखाच्या डोळ्यांना धार लागली होती. “तुमी बांधावर उभे व्हतात. मी पडल्या जागेवरून हात केला. तुमी बघितलं, आन् डबा घिऊन माघारी फिरलात.”

तात्या तोंडातल्या तोंडात पुटपुटले, पण अंगण इतकं गप्प होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

“मला काय ठावं, पडलेली तू हायेस म्हणून?”