बुटकी आणि लांबट

टाकीच्या काचेवर पिल्लांचीही पिल्लं सरकताना दिसली आणि सुलभाताई डोंगरवार मटकन खुर्चीत बसल्या. नागपूरजवळच्या दगडातल्या शंखांवरून नामशेष झालेल्या लांबट गोगलगायीला बोरकुटे सरांनी नाव दिलं होतं. बुटकी ही वेगळी जात ठरवून ताईंनी तिला दुसरं दिलं. सर तीस वर्षं भांडत होते, जात एकच! यंदा प्रयोगशाळेने दोन्ही पुन्हा जिवंत केल्या, तेव्हा सरांच्या हट्टापायी ताईंनी त्या एकाच टाकीत सोडल्या.

“दोघींच्या पिल्लांनाही पिल्लं झाली, म्हणजे जात एकच. आता तुम्ही दिलेलं नाव रद्द होणार,” सर चाचरत म्हणाले. “आधीचंच राहणार.”

ताईंनी बुटकीच्या नावाची चिठ्ठी टाकीवरून खरवडून काढली. पिल्लांकडे बघून त्यांना हसू फुटलं.

“होऊ द्या हो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकत्रच नांदत होत्या बिचाऱ्या. ताटातूट मीच केली!”