सात वाजून दहा मिनिटे

शस्त्रक्रियेला दीड महिना झाला होता. प्राध्यापक श्रीनिवास गद्रे यांच्या हृदयात बसवलेली नवी झडप दिवसभराच्या ठोक्यांचा वृत्तांत घरी पाठवी, आणि त्यांची कन्या मृणाल तो रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवी.

त्या सकाळी सुलभाताई मिराशी आभार मानायला आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांच्या दिवंगत पतीच्या शोकसभेत गद्र्यांनी गहिवरल्या स्वरात भाषण केले होते.

“भाषण करताना ठोके बासष्ट, अगदी शांत,” मृणाल वाचू लागली. “मग सात वाजून दहा मिनिटांनी एकशे अठरा. बाबा, तेव्हा काय झालं?”

तेव्हा पुढचे वक्ते कर्णिक यांनी सभेला रडवले होते. गद्र्यांच्या भाषणात कोणीही रडले नव्हते.

“जिना चढलो असेन,” ते म्हणाले.

“तुम्ही बसलेले होतात. झडप तेही कळवते.”

गद्र्यांची मान खाली गेली. सुलभाताईंनी चहाचा कप हलकेच बशीत ठेवला.

“तेव्हा कर्णिक बोलत होते ना? ह्यांचंही असंच व्हायचं, तुमचं भाषण रंगलं की,” त्या म्हणाल्या. “पण घरी आल्यावर ते मला आपणहून सांगायचे.”