मिठाचं यंत्र

"मीठ की पावडर, तेवढं सांगा. मला दुपारची गाडी धरायचीय," इंजिनियर म्हणाला.

गोव्यातल्या हॉटेलांना पोहण्याचे तलाव बांधून देणारा हा माणूस सकाळीच कॅसलरॉकला उतरला होता. यशवंतरावांच्या बंगल्यामागचा तलाव बांधून तयार होता. पाणी स्वच्छ कशानं ठेवायचं, मिठाच्या यंत्रानं की क्लोरीनच्या पावडरनं, एवढंच ठरायचं होतं. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलेलं, आणि बेळगावचे बडे व्यापारी ते, ओढ्यात थोडेच उतरणार!

राखणदार झिलू फरशीच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता. तलावाच्या खालच्या अंगाला त्याचं भाताचं शेत, शेताच्या वर झरा, आणि त्या एका झऱ्यावर सगळं घर. साहेबांना ते शेत पाहुण्यांच्या खोल्या बांधायला हवं होतं. दोनदा मागितलं, दोनदा झिलू नाही म्हणाला. दुसऱ्या वेळी साहेबांनी आवाज चढवला, तेव्हा शकुंतलाबाईच मध्ये पडल्या. "जबरदस्ती करायची नाही. उठायचं तेव्हा तो आपणहून उठेल," असं त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं.

बाई मायाळू. परवाच शेतावर येऊन झिलूच्या बायकोशी, पारूशी, तासभर बोलत बसल्या होत्या. झरा उन्हाळ्यात आटतो का, दुसरं पाणी किती लांब, सगळं विचारलं. नदी दीड मैल खाली, हे ऐकून चुकचुकल्या. एवढ्या आपुलकीनं पारूला तिच्या सख्ख्या बहिणीनंही कधी विचारलं नव्हतं.

"पावडर टाका आणि मोकळे व्हा," यशवंतराव म्हणाले. "स्वस्तात काम."

"थांबा की जरा," बाई म्हणाल्या. "तलावातलं पाणी बाहेर सोडावं लागणार ना? खाली झिलूचा झरा आहे. त्याचं काय?"

झिलूचा ऊर भरून आला. सकाळपासून हेच त्याच्या ओठांवर होतं, पण धीर होत नव्हता.

"गाळणी दर आठवड्याला धुवावी लागते," इंजिनियर म्हणाला. "ते पाणी बाहेर काढायचं. पावडरचं पाणी दोन दिवस उन्हात ठेवून सोडलं की त्रास नाही, पावडर उडून जाते. मीठ उडत नाही. मिठाच्या यंत्रानं डोळे चुरचुरत नाहीत, अंगालाही बरं. पण ते पाणी झऱ्यात मुरलं तर झरा खारा होणार."

"किती दिवसांत?" बाईंनी विचारलं.

"झरा लहान असेल तर महिना, दोन महिने."

बाई विचारात पडल्या. झिलूनं हात जोडले.

"बाईसाब, तेवढं पानी गेलं की आमी उठलोच बगा. दुसरं काय बी न्हाई आमाला."

"ठाऊक आहे रे," बाई म्हणाल्या. "जा, झऱ्याचं पाणी घेऊन ये. पाहुण्यांनाही चव कळू दे."

झिलू पळतच सुटला. भाताच्या बांधावर पारू होती. "भिऊ नगं, बाईसाब हायत आपल्या बाजूनं!" त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं. तिनं बाईंच्या नावानं बंगल्याकडे तोंड करून हात जोडले.

कळशी घेऊन तो वर आला, तेव्हा यशवंतराव मान खाली घालून बसले होते. बाईंनी चांगलंच सुनावलेलं दिसत होतं. झिलूला बरं वाटलं.

बाई दोन पेले पाणी प्यायल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"अमृत आहे बघा," त्या इंजिनियरला म्हणाल्या. "तुम्ही मिठाचं यंत्र बसवा." मग झिलूकडे वळून त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि झिलू, उद्या कुदळ घेऊन ये. गाळणीच्या पाण्याच्या पाइपासाठी इथून तुझ्या झऱ्यापर्यंत चर खणायचाय. बाहेरच्या माणसाला मजुरी कशाला, तूच खण."