आठ दिवसांचा सरडा

"ऑफिसातल्या एक मॅडम आठ दिवस बाहेरगावी गेल्यात, त्यांचा सरडा आहे," म्हणत नवऱ्याने काचेची पेटी टेबलावर ठेवली. "मीही आजच पहिल्यांदा बघतोय. काय खातो, कसा ठेवायचा, तूच शोध बाई फोनवर."

पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारा माणूस, आणि चक्क सरडा घेऊन आला! मी फोन घेऊन वाचायला बसले. दिव्याची ऊब हवी, जिवंत किडे हवेत, आणि खाली ठळक अक्षरांत: 'अनोळखी माणसाला फार बुजतो. अंगाखांद्यावर यायला कित्येक महिने लागतात.'

"अहो, इतक्यात हात नका लावू त्याला," म्हणत मी मागे वळले.



टीव्ही बघत बसलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर, मानेला डोकं टेकून, सरडा गाढ झोपला होता.